वारेतील मायक्रोआरएनए आणि प्रीएक्लॅम्पसिया : खानदेशच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि लघवीतून प्रथिने जाणे ही प्रीएक्लॅम्पसियाची प्रमुख लक्षणे होत. आजार बळावल्यास गर्भवतीस झटके येतात व माता आणि बालक दोघांच्याही जिवास धोका संभवतो. वार बाहेर पडल्यानंतरच तो ओसरू लागतो. म्हणून त्याचे मूळ वारेत शोधले जाते.

निरोगी गर्भारपणात वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरून तेथील सर्पिल धमन्या रुंद करतात. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड बागायतीत पाट अरुंद राहिला, तर टोकाच्या शेतास पाणी पोचत नाही. धमन्या अरुंद राहिल्यास वारेची स्थिती अशीच होते.

मायक्रोआरएनएचे कार्य :
मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा. तो संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतो. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुवकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत तो प्रथम वर्णिला. २०२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रीएक्लॅम्पसियाग्रस्त वारेत ‘एमआयआर-२१०’ वाढलेला वारंवार आढळतो. प्राणवायू कमी पडला की तो वाढतो, पेशींच्या ऊर्जानिर्मितीस खीळ घालतो आणि ट्रोफोब्लास्टचा शिरकाव मंदावतो. मग धमन्या त्याच्यामुळे अरुंद राहिल्या, की अरुंद धमन्यांमुळे तो वाढला? बहुतेक अभ्यासांतील वार प्रसूतीनंतरची असते. धमन्यांचे रूपांतर मात्र गर्भारपणाच्या पूर्वार्धातच होते. आग विझल्यावर राखेवरून ठिणगी शोधण्याचाच हा प्रकार होय.

वारेतील मायक्रोआरएनए मातेच्या रक्तातही उतरतात. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांतील रक्तचाचणीची आशा निर्माण झाली. परंतु निरनिराळ्या अभ्यासांच्या याद्या परस्परांशी जुळत नाहीत. शिवाय सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल आढळतो, आणि सिकलसेल आजारात प्रीएक्लॅम्पसियाची जोखीम वाढते. अन्यत्र प्रमाणित झालेली चाचणी येथे पडताळल्याविना स्वीकारणे योग्य ठरणार नाही.

खानदेशातील अडचण :
अशा पडताळणीसाठी त्याच स्त्रीचे रक्त पहिल्या तिमाहीत घेऊन प्रसूतीपर्यंत तिचा मागोवा ठेवावा लागतो. धुळे जिल्ह्याच्या आदिवासी भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. नोंदणी एकीकडे, प्रसूती दुसरीकडे. हाच खंड उपचारातही पडतो. जोखमीच्या स्त्रियांत अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन १६ आठवड्यांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयुक्त मानले जाते. त्यासाठी लागणारी जोखमीची नोंद, रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची तपासणी आजही उपलब्ध आहेत. ती उसाच्या फडापर्यंत पोचणे बाकी आहे.