हर्सूलची बस धरण्याआधी : कारागृहातल्या माणसाला भेटायचे कसे, जामीन अडला तर काय?

भोकरदन तालुक्यातील धावड्याहून छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहाची वाट सिल्लोड, फुलंब्रीवरून जाते. घरच्यांची एक दिवसाची मजुरी बुडते, भाडे वेगळे. एवढे करून दारावर कळते, की आज भेटीचा वार नाही, किंवा माणूस तारखेसाठी कोर्टात नेला आहे. अटकेच्या धावपळीत घरचे आधी डबा भरतात. तो न्यायालयाच्या परवानगीशिवाय सहसा आत जात नाही. आधी हाताशी हवेत ते तपशील : पोलिस ठाणे आणि गुन्हा क्रमांक, खटल्याचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक आणि कारागृहाच्या नोंदीत असलेले बंद्याचे नाव. सीएनआर मिळाला, की ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते.

भेट आणि पैसे

तुरुंगाच्या भाषेत भेटीला ‘मुलाखत’ म्हणतात. केंद्राच्या ई-प्रिझन्स पोर्टलवर ‘ई-मुलाखत’ या भागात नोंदणी होते. भेटणाऱ्याचे ओळखपत्र, मोबाइल, बंद्याचे नाव, कारागृह आणि तारीख भरली की ओटीपी येतो. प्रत्यक्ष भेट किंवा व्हिडिओ कॉल, दोन्हीसाठी अर्ज करता येतो. मंजुरीचा संदेश आल्याशिवाय घर सोडू नये. प्रत्यक्ष भेटीत बहुधा मध्ये काच असते, कानाला इंटरकॉम आणि वेळ मोजक्या मिनिटांचा. त्यामुळे काय विचारायचे ते आधीच ठरवून जावे. खटल्यातील साक्षीदारांचा विषय मात्र तिथे काढू नये.

राज्यात २०२३ पासून, प्रथम येरवड्यात, बंद्यांना घरी फोन करण्यासाठी स्मार्ट कार्ड देण्यास सुरुवात झाली. ज्या नंबरवर फोन यायचा तो आधी कारागृहात नोंदवावा लागतो. घरच्यांनी सिम बदलले, की फोन बंद. आतल्या कॅन्टीनमधून साबण, तेल, फरसाण घेता यावे म्हणून टपालाने मनीऑर्डर करता येते. महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली असते, ती कारागृहात विचारून घ्यावी. ‘आत सोय करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात रोख देऊ नये. ती रक्कम बंद्याच्या खात्यावर जमा होत नाही.

जामीन झाला, सुटका नाही

घरच्यांना सर्वाधिक गरज पडते ती इथे. कोठडीतल्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी जालन्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. म्हणजे वकिलासाठी बैल किंवा डाग विकण्याआधी एक फोन करून पाहायला हरकत नाही.

जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. कुणी सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात उभे राहायला तयार नसते. भावकीही अशा वेळी मागे सरते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात यावर मार्ग सांगितला आहे. जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. गरीब बंद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून जामिनाच्या रकमेसाठी मदतही होऊ शकते. निर्णय जिल्हा समितीचा. अमली पदार्थ, यूएपीए यांसारखे गुन्हे त्यात बसत नाहीत. कागदावर हे सगळे आपोआप व्हायला हवे. तरीही आठव्या दिवशी घरच्यांनी सचिवांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ ही लक्षात ठेवावे. पहिल्याच गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, इतरांनी निम्मा, तर सुटकेचा हक्क तयार होतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ही सवलत नाही.

मुलांचे काय?

कमावता माणूस आत गेला, की पहिली झळ शाळेला बसते. राज्याच्या बाल संगोपन योजनेत कारागृहातील पालकांची मुलेही येतात. एका मुलामागे महिना २,२५० रुपये. अर्ज जालन्याच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. पालक कारागृहात असल्याचा कागद सोबत लागेल, तेव्हा पुढच्या मुलाखतीला जाताना तो कारागृहातून मागून आणावा.