संगणकाचें उत्तर उशिरां कां येतें?

शाळेचा हजेरीपट, बँकेचें खातें, आगगाडीचें तिकीट, ग्रंथालयांतील पुस्तकांची यादी, या सर्वांची नोंद आज बहुतेक ठिकाणीं संगणकांत कोष्टकांच्या रूपानें ठेविलेली असते. खिडकीशीं उभ्या असलेल्या मनुष्यानें विचारावें आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उत्तर पडद्यावर यावें, इतकी ही सोय आतां अंगवळणीं पडली आहे. परंतु कधीं कधीं हेंच उत्तर मिनिट मिनिट येत नाहीं. रांग वाढूं लागते. मग कोणी म्हणतो, यंत्र जुनें झालें. कोणी तारेला दोष देतो. कोणी बसलेल्या कारकुनालाच आळशी ठरवितो. या तिघांपैकीं कोणीहि मोजमाप केलेलें नसतें. उशिराचें खरें कारण कसें शोधून काढावें, याचें एक सुंदर शास्त्र आहे. त्याची तोंडओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही माहिती विचारावयाची भाषा समजून घेऊं. १९७० सालापूर्वीं कोष्टकांतील माहिती काढावयाची म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यास ती कोठें ठेविली आहे व कोणत्या वाटेनें तिच्यापर्यंत जावयाचें, हें सर्व स्वतःच लिहावें लागे. त्या वर्षीं आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड या गणितज्ञानें एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि विचारणाऱ्यानें केवळ ‘काय हवें’ एवढेंच सांगावें. ‘कसें आणावें’ हें यंत्रानें ठरवावें, असा त्याच्या विचाराचा रोख होता. त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस या दोघांनीं १९७४ सालीं या विचाराला अनुसरून एक प्रश्नभाषा मांडली. तीच पुढें एस्क्यूएल या नांवानें जगभर पसरली.

या भाषेंत आपण यंत्रास असें सांगतों: ‘हजेरीच्या कोष्टकांतून अमुक क्रमांकाच्या विद्यार्थ्याच्या सर्व ओळी दे.’ वाट कोणती घ्यावी हें आपण सांगत नाहीं. बाजारांतून मीठ आणावयास मुलाला पाठवितांना आपण त्याला कोणत्या बोळानें जा तें सांगत नाहीं, तसेंच हें आहे. मुलगा शहाणा असला तर जवळची वाट धरील. त्याला गांवाची माहिती नसली तर वेशीला वळसा घालून येईल. मीठ दोन्ही वेळां तेंच, वेळ मात्र निराळा.

वाट ठरविण्याचें काम यंत्रांतील ज्या भागाकडे असतें त्याला आपण ‘योजक’ म्हणूं. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा लूककृत शुभवर्तमानांतील दाखला आमच्या मुलांस ठाऊकच आहे. योजक नेमकें तेंच करितो. निरनिराळ्या वाटांचा खर्च तो आधीं अंदाजानें काढतो व ज्या वाटेचा खर्च सर्वांत कमी दिसतो ती निवडतो. खर्चाच्या अंदाजानें वाट निवडण्याची ही रीत पॅट्रिशिया सेलिंजर व तिचे सहकारी यांनीं १९७९ सालच्या एका निबंधांत सविस्तर मांडली, आणि आजचे बहुतेक योजक तिचेच वंशज आहेत.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एका शाळेंत १,२०० विद्यार्थी आहेत. वर्षाचे कामाचे दिवस २००. आणि २० वर्षांची हजेरी कोष्टकांत आहे. म्हणजे ४८ लक्ष ओळी झाल्या. कोष्टक ‘पोस्टग्रेस’ या नांवाच्या, कोणासहि फुकट मिळणाऱ्या व्यवस्थेंत ठेविलें आहे असें धरूं. १९८६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत प्रा. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखालीं तिचें काम सुरू झालें. ही व्यवस्था माहिती ८,१९२ बाइटांच्या ‘पानांत’ ठेविते. एका पानांत १५० ओळी मावतात असें मानलें, तर आपलें कोष्टक ३२,००० पानांचें होतें.

एका विद्यार्थ्याची सात वर्षांची हजेरी हवी आहे. म्हणजे १,४०० ओळी. योजकाजवळ दुसरें साधन नसेल तर त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ३२,००० पानें वाचावीं लागतील. परंतु विद्यार्थ्याच्या क्रमांकावर ‘सूची’ केलेली असेल तर गोष्ट पालटते. पुस्तकाच्या शेवटीं विषयांची सूची असते व ती पाहून आपण नेमकें पान उघडतों, तसाच हा प्रकार आहे. अशा सूचीची सर्वांत प्रचलित रचना रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्रेट यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत वर्णिली आहे. तिच्या एका पानांत ३०० नोंदी मावतात असें धरलें, तर केवळ तीन पायऱ्या उतरून २ कोटि ७० लक्ष नोंदींपैकीं हवी ती सांपडते. हजेरी रोजच्या रोज लिहिली जात असल्यामुळें आपल्या विद्यार्थ्याची प्रत्येक दिवसाची ओळ निराळ्या पानावर असेल. तरीहि सुमारें १,४०० पानें वाचून काम भागतें. ३२,००० वाचावीं लागत नाहींत.

मग प्रत्येक रकान्यावर सूची कां करूं नये? कारण सूचीलाहि किंमत पडते. नवी ओळ लिहितांना प्रत्येक सूचींतहि नोंद करावी लागते. म्हणजे वाचणें स्वस्त होतें आणि लिहिणें महाग. शिवाय, अर्ध्या विद्यार्थ्यांची हजेरी एकदम हवी असेल तर बहुतेक प्रत्येक पान उघडावेंच लागतें, आणि सूची पाहात इकडून तिकडे उड्या मारण्यापेक्षां सगळें कोष्टक सलग वाचणेंच स्वस्त पडतें. सलग पानाचा खर्च १, तर विखुरलेल्या पानाचा ४, असें पोस्टग्रेसचें ठराविक प्रमाण आहे. म्हणून ‘सूची असूनहि यंत्र ती वापरीत नाहीं’ एवढ्यावरून यंत्रास मूर्ख म्हणूं नये.

इतकें समजल्यावर दोष शोधण्याकडे वळूं. पहिली पायरी अशी कीं, दोष कोठें नाहीं तें आधीं जाणावें. डोनाल्ड नुथ या विख्यात संगणकशास्त्रज्ञानें १९७१ सालीं फोर्ट्रान भाषेंतील प्रोग्राम तपासून असें दाखविलें कीं, प्रोग्रामच्या शंभरांतील चार भागांहूनहि कमी भाग एकंदर वेळेंतील निम्म्याहून अधिक वेळ खातो. म्हणून दिसेल तें सुधारीत सुटणें हा श्रमांचा अपव्यय होय. पोस्टग्रेसला एक जोड मिळते. ती प्रत्येक प्रश्न कितीदां विचारला गेला व त्यानें एकंदर किती वेळ घेतला याची वही ठेविते. ती वही उघडून सर्वांत अधिक वेळ खाणारा प्रश्न प्रथम हातीं घ्यावा.

दुसरी पायरी म्हणजे यंत्रालाच विचारणें. प्रश्नाच्या आधीं ‘एक्स्प्लेन’ हा शब्द लिहिला कीं योजक आपली ठरविलेली वाट व तिचा अंदाजी खर्च लिहून दाखवितो. त्यापुढें ‘ॲनालाइझ’ हा शब्द जोडला कीं तो प्रश्न खरोखरच चालवितो आणि प्रत्यक्ष किती ओळी आल्या व किती वेळ गेला तेंहि प्रत्येक टप्प्यापुढें मांडतो. गृहिणी महिन्याच्या आरंभीं अंदाज करिते व अखेरीस जमाखर्च लिहिते. दोन्ही शेजारीं ठेवून पाहिलें कीं पैसा कोठें गळला तें कळतें. येथेंहि अंदाज व प्रत्यक्ष यांत जेथें मोठी तफावत दिसेल तेथेंच बहुधा दोषाचें मूळ असतें.

बहुधा आढळणारे दोष चार आहेत. पहिला, सूचीच नसणें. तो वर सांगितला.

दुसरा, सूची असून प्रश्न अशा रीतीनें विचारणें कीं ती निरुपयोगी व्हावी. समजा, सूची तारखेवर आहे, आणि आपण विचारलें, ‘तारखेंतून वर्ष काढ व तें २०२४ असेल त्या ओळी दे.’ सूचींत तारखा आहेत, वर्षें नाहींत. म्हणून यंत्र सर्व ४८ लक्ष ओळींतून वर्ष काढीत बसतें. त्याऐवजीं ‘१ जानेवारी २०२४ पासूनच्या, परंतु १ जानेवारी २०२५ च्या आधींच्या ओळी दे’ असें विचारलें, तर उत्तर तेंच येतें. पण वीस वर्षांपैकीं एकाच वर्षाचीं, म्हणजे सुमारें १,६०० पानें वाचून येतें. एका वाक्याच्या मांडणीनें केवढा फरक पडतो पाहा!

तिसरा, योजकाची माहिती शिळी असणें. कोणत्या रकान्यांत कशा प्रकारच्या किंमती किती आहेत, याचें टिपण योजक कांहीं ओळींचा नमुना पाहून ठेवितो. एकदम मोठी भर पडली आणि टिपण जुनेंच राहिलें कीं त्याचा अंदाज फसतो. एकच ओळ येईल असें समजून तो प्रत्येक ओळीसाठीं दुसऱ्या कोष्टकाकडे हेलपाटा घालण्याची वाट धरितो, आणि प्रत्यक्षांत ओळी येतात १२,०००! येथें नवख्याची एक फसगत होते. पोस्टग्रेस अशा टप्प्यापुढें एका हेलपाट्याचा सरासरी वेळ लिहितें. ५ मिलिसेकंद पाहून वाचणारा पुढें जातो. पण शेजारीं लिहिलेल्या १२,००० फेऱ्यांनीं गुणिलें तर तो पुरा एक मिनिट होतो. टिपण ताजें करण्याची आज्ञा देतांच पुष्कळदां हा दोष नाहींसा होतो.

चौथा दोष फार लबाड आहे. कारण त्यांत प्रत्येक प्रश्न निर्दोष असतो. १,२०० विद्यार्थ्यांची यादी घेऊन प्रोग्राम एकेकाची हजेरी वेगवेगळी विचारतो. प्रत्येक प्रश्नास २ मिलिसेकंद लागतात. परंतु तारेवरून जाण्यायेण्यास २० मिलिसेकंद जात असतील तर एकंदर सव्वीस सेकंदांहून अधिक वेळ मोडतो. एकेक प्रश्न तपासून हा दोष कधींच दिसणार नाहीं. प्रश्नांची संख्या पाहिली तरच दिसेल. सर्वांची हजेरी एकाच प्रश्नांत मागणें हा त्यावरचा उपाय होय.

आतां चार पथ्यें सांगतों. ओळी पुसण्याच्या वा बदलण्याच्या आज्ञेपुढें ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ लिहिलें तर ओळी खरोखरच पुसल्या अथवा बदलल्या जातात. म्हणून तसें करावयाचें झाल्यास मागें घेतां येईल अशा व्यवहाराच्या आंतच करावें. एकाच मोजणीवर भरंवसा ठेवूं नये. कारण पहिल्या वेळीं तबकडीवरून आणलेलीं पानें दुसऱ्या वेळीं स्मृतींत तयार असतात, व कांहीं न सुधारतां वेळ कमी झालेला दिसतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कोणाचा तें कळत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें, बदलानंतरचें उत्तर पूर्वींच्या उत्तराशीं ताडून पाहावें. एका मुलाची हजेरी गाळून लवकर आलेलें उत्तर हें उत्तर नव्हे. तो त्या मुलावर अन्याय आहे.

पालक विचारतील, या सूक्ष्म गोष्टींशीं आमचा संबंध काय? संबंध आहे. जेथें कोणी मोजीत नाहीं तेथें गरीब संस्था कष्टानें जमविलेल्या वर्गणींतून नवें यंत्र विकत घेते, आणि त्या नव्या यंत्रावरहि ३२,००० पानें वाचलीं जातातच; कोष्टक वाढलें कीं पुन्हां रांग उभी राहते. जेथें कोणी मोजीत नाहीं तेथें निरपराध कारकुनाला बोल लागतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशीं लांबच्या गांवचा मुलगा दुसऱ्याच्या फोनवर उत्तराची वाट पाहात बसतो, तेव्हां ते सेकंद नुसते सेकंद राहात नाहींत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पुढें हेंच काम करतील. बाकीचे शेती, शाळा, दवाखाना, संसार पाहतील. परंतु तपासावांचून दोष न देणें, अंदाज व प्रत्यक्ष शेजारीं ठेवून पाहणें, एका वेळीं एकच बदल करणें, आणि घाईसाठीं सत्याचा बळी न देणें, या चार संवयी ज्याला लागल्या त्याचें काम कोणतेंहि असो, तें विश्वासानें त्याच्या हातीं सोंपवितां येईल. शाळेंतील गणिताच्या तासाला ‘ताळा करून पाहा’ म्हणून आम्ही मागें लागतों, तें याचसाठीं.