दगड, ठिकाण आणि शब्द : सावंगी (मेघे) परिसरातील खनिज-संग्रहासंबंधी काही विचार

वर्धा शहरास लागून, यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले सावंगी (मेघे) हे गाव आज मुख्यत्वेकरून वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. खडकांच्या अभ्यासकाचे लक्ष तेथे सहसा वेधले जात नाही. कारण वरवर पाहता तेथे पाहण्यासारखे काही नाही. काळी जमीन, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली काळा दगड, एवढीच तेथील भूरचना. परंतु विहिरीसाठी अथवा इमारतीच्या पायासाठी जमीन खणली गेली, किंवा पहिल्या पावसाने शेताचा बांध धुऊन निघाला, की या एकसुरी भूमीतून पांढरे, धुरकट व तांबूस खडे वर येतात. विद्यार्थी ते गोळा करतात, खिशात घालतात, आणि आठवड्याभरात ते कोठे सापडले हे विसरतात. अशा रीतीने संग्रह वाढतो, पण ज्ञान वाढत नाही. वेचलेल्या दगडास शास्त्रीय मूल्य कशामुळे प्राप्त होते, आणि त्यात भाषेच्या अभ्यासकाचे काम कोणते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम हे खडे येतात कोठून ते पाहू. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅप या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले. प्रत्येक लोटाच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि लाव्हा थिजल्यावर त्यांच्या जागी पोकळ्या उरल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने या पोकळ्यांत सिलिका, कॅल्साइट व झिओलाइट वर्गातील खनिजे आणून भरली. बेसाल्ट कुजून त्याचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली. परंतु पोकळीत भरलेले सिलिकायुक्त खनिज टणक असल्याने तसेच राहिले. शेतात नांगराच्या फाळाला लागणारा खडा म्हणजे नाहीशा झालेल्या खडकातील एका बुडबुड्याचा साचाच होय.

या खड्यांना परिसरात सरसकट ‘गारगोटी’ असे म्हणतात. भूविज्ञानाच्या मराठी परिभाषेत गारगोटी म्हणजे क्वॉर्ट्झ. बोलीतील गारगोटीत मात्र क्वॉर्ट्झ, कॅल्सेडोनी, पट्टेदार अकीक आणि पुष्कळदा पांढरे झिओलाइटही येतात. नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथील खनिज-संग्रहालयाचे नाव ‘गारगोटी’ असे आहे, पण त्याची ख्याती आहे ती झिओलाइटांसाठी. याला लोकांचे अज्ञान म्हणणे घाईचे ठरेल. लोकभाषेतील वर्ग रासायनिक घटनेवर उभा नसून अनुभवावर उभा असतो. मातीत सापडणारा, सभोवतालच्या काळ्या दगडाहून निराळा, फिका आणि सुटा, असा जो दगड तो गारगोटी. हा वर्ग ज्या गुणांनी ठरतो त्यांतील बहुतेक गुण खरोखरीच एका भूवैज्ञानिक प्रक्रियेतून आलेले आहेत. आणि ती प्रक्रिया म्हणजे पोकळीचे भरण.

‘गार’ या शब्दाचा विचार येथे उद्बोधक ठरेल. मराठीत पावसाबरोबर पडते ती गार, चकमकीने ठिणगी देणारा पांढरा कठीण दगड तोही गार, आणि थंड तेही गार. हे तिन्ही एकाच मुळाचे आहेत की केवळ ध्वनिसाम्याने जवळ आले आहेत, हा व्युत्पत्तीचा स्वतंत्र प्रश्न आहे. तो दगडाकडे पाहून सुटणार नाही. तरीपण ग्रीक भाषेतही ‘क्रुस्टालॉस’ या शब्दाचा अर्थ प्रथम बर्फ आणि नंतर पारदर्शक क्वॉर्ट्झ असा होता, व तो दगड म्हणजे पुन्हा न वितळण्याइतके गोठलेले पाणीच होय अशी प्राचीनांची समजूत होती, हे लक्षात घेतले म्हणजे मराठीतील साहचर्य एकाकी वाटत नाही.

शास्त्राची परिभाषादेखील अशाच साध्या उपमांतून घडलेली आहे, याचा विद्यार्थ्यांना विसर पडतो. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या नावावरून आला; लाव्हाच्या थरांची झीज होऊन डोंगरांना पायऱ्यांचा आकार येतो म्हणून. ‘झिओलाइट’ हे नाव क्रॉन्स्टेट याने १७५६ मध्ये दिले. त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’; कारण तापविल्यावर त्यातील पाणी निघून तो फसफसतो. काळ्या मातीसाठी ग्रंथांतून रूढ झालेला ‘रेगूर’ हा शब्द तेलुगूतील ‘रेगडी’वरून आलेला आहे. आणि पोकळ्या भरून आलेल्या बेसाल्टला जे पाश्चात्त्य नाव आहे, त्याच्या मुळाशी बदामाचा वाचक असा ग्रीक शब्द आहे.

या बदामाला तोडीस तोड असे उदाहरण वर्धा जिल्ह्यातच आहे. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे शेख फरीद यांचा दर्गा असलेली टेकडी आहे. तिच्यावर पसरलेल्या वाटोळ्या खनिज-गोळ्यांविषयीची आख्यायिका ब्रिटिश अमदानीतील गॅझेटिअरनेही नोंदवली आहे. ती अशी : दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, त्यावर त्याने त्यांच्या जवळचा सारा माल, नारळ व इतर जिन्नस, दगड करून टाकला. गॅझेटिअरकार त्या गोळ्यांना झिओलाइटयुक्त म्हणतो आणि पुढे जातो. परंतु कथेत एक अचूक निरीक्षण दडलेले आहे. हे गोळे टेकडीच्या दगडाचे नव्हेत, ते कशात तरी भरलेले होते आणि आता सुटे होऊन विखुरले आहेत, एवढे कथाकाराने पाहिले होते. त्याने पोकळीऐवजी व्यापाऱ्याच्या मालाची कल्पना केली, इतकेच. ग्रीक शब्द योजणाऱ्याला बदाम दिसला, गिरडच्या माणसाला बाजारातला नारळ दिसला. या दोहोंत पहिली उपमा शास्त्रीय आणि दुसरी भाबडी, असे मानण्यास आधार नाही. मात्र हे स्थान श्रद्धेचे आहे. तेथील दगड पाहावेत, त्यांची टिपणे घ्यावीत. नमुने उचलू नयेत.

दगड आणि शब्द ही दोन्ही एकाच माणसाने गोळा केल्याचा दाखला विदर्भातच सापडतो, आणि तो या विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आला. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्याने नागपूरनजीक टाकळी येथे दोन लाव्हाथरांमधील गाळाच्या थरात गोड्या पाण्यातील शंखांचे जीवाश्म शोधले. लाव्हाच्या दोन उद्रेकांमध्ये या भूमीवर तळी होती, त्यांत गोगलगाई राहत होत्या, हे त्या शंखांनी दाखविले. त्या दोघांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात छापला गेला. हिस्लॉपाइट या खनिजास पुढे त्याचे नाव मिळाले. अशाच आंतर-ट्रॅपी थरांतील ताडवर्गीय वृक्षांची अश्मीभूत लाकडे वर्धा जिल्ह्यात नवरगाव येथे मिळाली असून त्यांचे वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञांनी केले आहे. परंतु हिस्लॉपने केवळ शंख गोळा केले नाहीत. गोंड समाजाचे शब्द आणि लिंगोची गाथाही त्याने टिपून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. संग्राहक गेला तरी सामग्री उपयोगी पडली. कारण तिच्यासोबत नोंदी होत्या. ज्या शंखाबरोबर ‘टाकळी’ हे नाव व थराचे वर्णन नसते, तो शंख आज केवळ एक शोभेची वस्तू ठरला असता.

या दृष्टीने सावंगीच्या नावातील कंस मोठा बोलका आहे. महाराष्ट्रात सावंग्या अनेक आहेत. ‘मेघे’ या जोडनावावाचून कोणती सावंगी ते कळत नाही. ‘वर्ध्याजवळ सापडला’ अशी चिठ्ठी लावलेला दगड याच अवस्थेत असतो.

आता प्रत्यक्ष कार्यपद्धतीविषयी. खनिजाची प्राथमिक ओळख पटविण्यास फार साधने लागत नाहीत. चाकूच्या पात्याचे काठिण्य मोजमापाने साडेपाचच्या आसपास असते. गारगोटीचे ७, कॅल्साइटचे ३, आणि झिओलाइटांचे साधारणतः साडेतीन ते साडेपाच. म्हणून पांढऱ्या खड्यावर चाकूचा ओरखडा उठला तर ती शास्त्रीय अर्थाने गारगोटी नव्हे. विरल आम्ल टाकल्यावर जोराने फसफसला तर तो कॅल्साइट असण्याचा संभव अधिक. शब्द टिपण्याचे काम याहून अवघड आहे. शेतकऱ्यासमोर खडा धरून ‘याला गारगोटी म्हणता ना?’ असे विचारले, की उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते, आणि ते निरुपयोगी असते. निरनिराळे आठ-दहा खडे समोर ठेवून ‘यांत सारखे कोणते, वेगळे कोणते?’ असे विचारावे. नाव आपोआप येईल. जमिनीविषयी विचारतानाही तेच. भारी, मध्यम, बरड, मुरमाड हे शब्द मातीची खोली आणि पाणी धरण्याची शक्ती एका दमात सांगतात, पण ते प्रतवारीचे शब्द असल्याने एकाची बरड शेजारच्या गावात मध्यम ठरू शकते. ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या जोडीतील पांढरी ही तर खनिजाची संज्ञाच नव्हे. ती वस्तीची जमीन. उजाड पांढरीच्या टेकाडावर खापरे अथवा कडेने टवके काढलेली कॅल्सेडोनीची छिलके दिसली, तर तो भूविज्ञानाचा नमुना नसून पुरातत्त्वाचा पुरावा आहे. त्याला हात न लावता जागा नोंदवून जाणकारांस कळवावे.

विभागाच्या संग्रहात येणाऱ्या प्रत्येक नमुन्यावर शाईने क्रमांक असावा आणि त्याच क्रमांकाच्या पत्रिकेवर गाव व जोडनाव, अक्षांश-रेखांश, दिनांक, नमुना मूळ खडकातून काढला की सुटा सापडला, त्याभोवतीचा थर कोणता, ही माहिती असावी. त्याखाली दोन रकाने निराळे राखावेत : एकात शास्त्रीय नाव, दुसऱ्यात गावात ऐकलेला शब्द, उच्चाराप्रमाणे लिहिलेला, सांगणाऱ्याचे वय, व्यवसाय आणि विचारलेला प्रश्न यांसह. दुसरा रकाना पहिल्यावरून दुरुस्त करू नये.