तीन धबधबे आणि सात माणसें

सहलीचा बेत निघाला, कीं कोण जाणार याची चर्चा मोठ्यानें होते. कोण मागें राहणार हें मात्र न बोलतांच ठरून जातें. गुडघे दुखणाऱ्या वडील बायका, कडेवरचें मूल आणि त्या मुलाची आई, एवढीं माणसें बहुधा घरीं राहतात. ही रीत मोडतां येईल अशी एक रानवाट आम्हीं नुकतीच पाहिली. तिची हकीकत वाचकांस उपयोगी पडेल असें वाटतें.

ही वाट ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटांत, माउंट फील्ड राष्ट्रीय उद्यानांत आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त होबार्ट शहरीं असतात. तेथून उद्यान मोटारीनें सुमारें पाऊणशें किलोमीटर. डिसेंबर महिन्यांत, म्हणजे तिकडील उन्हाळ्यांत, तेथें जाण्याचें ठरलें. आमच्या वडील भगिनी माई यांचें वय अठ्ठ्याहत्तर. त्या म्हणाल्या, “अरे, मी डबे भरून देतें, तुम्ही या जाऊन.” तेव्हां सूनबाईंनीं उत्तर दिलें, “आत्या, तुम्ही येणार नसाल, तर मीही धाकटीला घेऊन घरींच राहतें.” हा पेंच त्या वाटेनेंच सोडविला.

वाटेवर तीन धबधबे आहेत. पहिला रसेल. उद्यानाच्या कचेरीपासून तेथवर पक्की, सपाट वाट बांधलेली असून, जाऊन येण्यास अर्धा तास पुरतो. चाकांची खुर्ची किंवा मुलाची गाडी तींवरून सहज जाते. माईंना खुर्चींत बसविलें, दोन वर्षांच्या नातीला गाडींत घातलें, आणि सातही माणसें एकत्र निघालीं.

दोहों बाजूंस नेच्यांचें दाट रान आहे. आपल्याकडे नेचे म्हणजे विहिरीच्या कांठचीं लहान झुडपें. येथें त्यांचे वृक्ष होतात. त्यांचें खोड वर्षाला जेमतेम तीन-चार सेंटीमीटर वाढतें. म्हणजे पुरुषभर उंचीचें नेचें चाळीस-पन्नास वर्षांचें असावयाचें. आमच्या नऊ वर्षांच्या नातवानें हा हिशेब ऐकला आणि पानांस हात लावण्यापूर्वीं तो आपण होऊन थांबला.

रसेलचें पाणी पायरीपायरीनें खालीं येतें. आडव्या थरांच्या या खडकांतील कठीण थर टिकून पायऱ्या झाल्या आहेत. हे खडक पर्मियन काळांतील, पंचवीस कोटी वर्षांहून जुने, समुद्राच्या तळाशीं सांचलेल्या गाळाचे आहेत. त्या काळीं टास्मानिया व आपला भरतखंड एकाच विशाल भूखंडाचे भाग होते. भूगर्भशास्त्रज्ञांनीं त्या भूखंडास दिलेलें ‘गोंडवन’ हें नांव आपल्याच मध्यप्रांतांतील गोंडांच्या भूमीवरून घेतलें आहे. माईंनीं नदीचें नांव विचारलें. ओढ्याला धबधब्याचेंच नांव आहे, असें सांगतांच त्यांनीं हात जोडले आणि म्हणाल्या, “असूं दे, पाणी तें गंगाच.”

हा धबधबा १८८५ सालीं राखीव करण्यांत आला. टास्मानियांतील तें पहिलें निसर्गरक्षित स्थान. १८९९ सालच्या टास्मानियाच्या चार पेनींच्या टपाल-तिकिटावर त्याचें चित्र होतें. पुढें १९१६ सालीं सभोंवारचें रान राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं जागतिक वारशाच्या क्षेत्रांत त्याचा समावेश झाला.

येथून पुढें पायऱ्या लागतात. नेहमींच्या रीतीनें सूनबाई मुलीजवळ बसावयाच्या, परंतु चिरंजीव म्हणाले, “आज मी आत्याजवळ बसतों. तूं जा.” आम्ही दोघें, सूनबाई आणि नातू असे चौघे पुढें निघालों. थोड्याच चढणीवर दुसरा धबधबा, हॉर्सशू, म्हणजे घोड्याच्या नालेसारखा, लागतो. तो लहान आहे, पण त्याच्या जवळ बसून डबा खाण्यास फार रम्य.

तेथून वाट उंच वृक्षांच्या रानांत शिरते. या वृक्षाचें शास्त्रीय नांव ‘युकॅलिप्टस रेग्नन्स’. ‘रेग्नन्स’ म्हणजे राज्य करणारा; हा लॅटिन शब्द आणि आपला ‘राजन्’ एकाच मुळाचे. फुलें धरणाऱ्या वनस्पतींत याहून उंच जाति जगांत नाहीं. येथील वृक्ष सत्तर-ऐंशी मीटर जातात. त्यांचें बीज वणव्यानंतर राखेंत रुजतें. मोठा वणवा मात्र उभ्या वृक्षास मारतो. असा वृक्ष तीन-चारशें वर्षें जगूं शकतो.

या वृक्षांखालीं एक गोष्ट आमच्या मनांत आली. १९४१ सालीं बॉयर येथील गिरणींत अशा कठीण लाकडापासून वृत्तपत्रांचा कागद निघूं लागला. जगांत तो पहिलाच प्रयोग. १९५० सालीं कायदा करून या उद्यानाचा फ्लोरेंटाइन खोऱ्याकडील भाग तोडून त्या गिरणीच्या लाकडासाठीं देण्यांत आला. आम्हीं चाळीस वर्षें मुलांना वह्या भरावयास लावल्या. कागद नको असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. पण चारशें वर्षांचें झाड आणि सायंकाळीं रद्दींत जाणारें पत्र यांची तुलना नातवानें स्वतः करावी, म्हणून त्याला ही कथा तेथेंच सांगितली. “मग पाठकोऱ्या पानांवर लिहूं या,” एवढेंच तो म्हणाला.

तिसरा, लेडी बॅरन धबधबा, सखल व शांत आहे. त्यानंतर मात्र दोनशेंच्या वर पायऱ्यांची चढण आहे. सूनबाई व नातू त्या मोजीत सर्वांच्या पुढें वर पोंचले. आम्ही दोन ठिकाणीं बसलों. तिन्ही धबधब्यांचा फेरा सुमारें सहा किलोमीटरांचा असून त्यास दोन-अडीच तास लागतात. परत आलों तों माई नातीला नेच्याचें गुंडाळलेलें कोंवळें पान दाखवीत होत्या.

जाणारांसाठीं चार सूचना. उद्यानाचा परवाना आधीं घ्यावा. उन्हाळ्यांतही पाऊस व थंडी येते, म्हणून लोकरीचा कपडा व न घसरणारे जोडे हवेत; रानांत जळवा असतात. पॅडेमेलन नांवाचे लहानसे कांगारूवर्गीय प्राणी डब्याजवळ येतात. त्यांना पोळी देऊं नये, त्यानें त्यांच्या जबड्यास रोग होतो. अंधार पडेपर्यंत राहतां आलें, तर रसेलच्या वाटेवर प्रकाशणारे किडे दिसतात. ते पाहण्यास दिवा मालवून उभें राहावें.

प्रत्येकास टास्मानिया घडेलच असें नाहीं. पण आपल्या गांवाजवळही ओढा, देवराई किंवा टेंकडी असतेच. बेत करतांना प्रथम घरांतील सर्वांत अशक्त माणूस कोठवर जाऊं शकेल हें पाहावें, आणि तेथवर सर्वांनीं मिळून जावें. त्यापुढें ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनीं खुशाल जावें. मात्र मागें बसण्याची पाळी दर वेळीं एकाच माणसावर येऊं नये.