दगड पाडायचा, पण आपल्या वेळेला

नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे पाहिलं की कड्यात आडवे पट्टे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे हे थर. खालचा ठिसूळ थर आधी झिजतो, वरचा कातळ अधांतरी राहतो. त्याच्या उभ्या भेगांत पाणी मुरतं, मुळं शिरतात, आणि कधीतरी दगड सुटतो. देवीचं मंदिर या कड्यालाच टेकलेलं असल्याने इथे दरडरोधक जाळ्या बसवल्या आहेत.

जाळी सुटलेला दगड अडवते. पण खाली कोणी नसताना तो आपणच पाडला तर?

स्कीच्या उतारांवर हेच करतात. 30 ते 45 अंशांच्या उतारावर रात्रीतून ताजा बर्फ साचतो. त्याखाली साखरेसारखा सुटा, दाणेदार थर असेल तर माणसाच्या वजनानेही वरची अख्खी लादी निसटते. म्हणून गस्तीपथक पहाटेच स्फोटकं टाकतं. काही ठिकाणी डोंगरावर बसवलेल्या नळीत प्रोपेन आणि ऑक्सिजन पेटवून हवेचा दणका देतात. हिमलोट रिकाम्या उतारावरून उतरतो, मगच लोकांना वर सोडतात. अमेरिकेत आल्टा इथे तर त्यासाठी तोफा डागल्या गेल्या.

आपल्याकडे हे काम कसारा आणि बोर घाटात रेल्वेची ‘हिल गँग’ करते. पावसाळ्याच्या तोंडावर ही माणसं कडे पायाखाली घालतात, धोक्याचे दगड हेरून ठेवतात. मग ब्लॉक घेऊन गाड्या थांबवायच्या, फटीत पहार घालायची आणि दगड खाली लोटायचा. सुरुंग शक्यतो टाळलेलाच बरा, कारण त्याच्या हादऱ्याने शेजारच्या भेगाही रुंदावतात. बर्फाची लादी घसरली की उतार पुढच्या हिमवर्षावापर्यंत बराच निवांत होतो. कातळात मात्र एक दगड गेला की मागचा उघडा पडतो. त्यामुळे हे काम दरवर्षी नव्याने करावं लागतं. जुलै 2015 मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून बळी गेले, तेव्हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही वाहतूक रोखून सुटे दगड काढावे लागले.

गडावर दगड लोटणं इतकं सोपं नाही. खाली मंदिर, पायऱ्या, वस्ती. आणि इथली एक अडचण घाटांहून वेगळी: यात्रेची गर्दी चैत्रोत्सवात पावसाआधी होते, नवरात्रात मात्र पावसाने भेगा भिजवल्यानंतर. त्यामुळे मे महिन्यातली पाहणी इथे पुरणार नाही. पाऊस ओसरल्यावर, घटस्थापनेआधी कडा पुन्हा तपासायला हवा, जाळीत अडकलेले दगड उपसायला हवेत, आणि त्यासाठी दर्शन काही तास थांबवावं लागलं तर भाविकांनीही ते समजून घ्यावं.