विषयातून भाषा



मुलांना इंग्रजी यावे, याविषयी आज वाद नाही. वाद आहे तो कसे यावे याचा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पुष्कळ शाळांत सेमी-इंग्रजीही आहे. म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. तरीही दहावी झालेले तरुण रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांत यंत्रावरच्या पाटीपुढे अडलेले मला संघटनेच्या कामात वारंवार भेटतात.

पाटी साधी असते : 'डू नॉट ओपन अनलेस द पॉवर इज ऑफ.' 'ओपन' ठाऊक, 'पॉवर' ठाऊक. गाडी अडते ती 'अनलेस'पाशी. वीज बंद असल्याखेरीज झाकण उघडू नये, हा सारा अर्थ त्या एका शब्दावर टांगलेला आहे. तो न कळला तर हात जाऊ शकतो.

याचे कारण असे की, मुले वस्तूंची नावे पाठ करतात. अट, कारण आणि क्रम सांगणारे शब्द मात्र कच्चे राहतात. ते शिकवण्याची उत्तम जागा म्हणजे विज्ञानाचा तास.

टेबलावर सेल, वायर, बल्ब आणि बटण ठेवा. मुलांनी जोडणी करावी आणि प्रथम मराठीत सांगावे : 'बटण बंद केले तर दिवा विझतो.' मग गुरुजींनी फळ्यावर तेच लिहावे : 'इफ द स्विच इज ऑफ, द बल्ब डज नॉट ग्लो.' नंतर वायर सोडवून मुलांनी 'इफ'चे दुसरे वाक्य स्वतः रचावे. पुढे 'बिकॉज', मग 'अनलेस', आणि शेवटी पुस्तकातला धडा. अर्थ आधीच कळलेला असतो. नवी असते ती केवळ भाषा. दोन्ही ओझी एकदम दिली म्हणजे पोर पाठांतराकडे वळते.

हाताने काम करीत शिकावे, हे तत्त्व आपल्याला परके नाही. केंदूरजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली त्याच तत्त्वावर विज्ञान आश्रम काढला. कॅनडात सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ पासून इंग्रजीभाषी मुलांना फ्रेंचमधून शिकवून पाहिले. फ्रेंच चांगले आले आणि मातृभाषाही गेली नाही. पण तेथे शिक्षक फ्रेंचभाषी होते. नुसते इंग्रजी पुस्तक हाती दिल्याने तसे घडणार नाही.

म्हणून विज्ञानाच्या शिक्षकाने स्वतःला भाषेचाही शिक्षक मानले पाहिजे. आणि पालकांनी वहीची भरलेली पाने मोजू नयेत. एका वाक्यावर बोट ठेवून म्हणावे, 'बाळ, हे मराठीत समजावून सांग.'