बुलपेनमध्ये राहून गेलेला क्लोजर

बुलपेन म्हणजे बेसबॉलच्या मैदानालगतची, बहुतेक ठिकाणी कुंपणापलीकडची, राखीव पिचरांची जागा. सामना सुरू करणारा पिचर हल्ली साधारण पाच-सहा इनिंग टिकतो. पुढचा सामना बुलपेनमधल्या सात-आठ जणांच्या, म्हणजे रिलीव्हरांच्या, हाती असतो. डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, फोन जातो, सांगितलेला पिचर उठतो आणि चेंडू टाकून खांदा मोकळा करू लागतो. तयार व्हायला त्याला काही मिनिटं लागतात, त्यामुळे मॅनेजरला दोन-तीन बॅटर पुढचा विचार आधीच करावा लागतो. तयार होऊन पुन्हा खाली बसलेल्या पिचरचा हातही थकतोच, पण त्याची नोंद धावफलकावर होत नाही.

क्रिकेट पाहणाऱ्यांनी इथे एक नियम ध्यानात घ्यायला हवा. क्रिकेटचा कप्तान हुकमी गोलंदाजाला सुरुवातीला दोन षटकं देऊन बाकीची अखेरीस ठेवू शकतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून सर्वोत्तम रिलीव्हर केव्हा उतरवायचा, हा निर्णय फक्त एकदाच घेता येतो.

या निर्णयावर ‘सेव्ह’ नावाच्या आकड्याची सावली आहे. तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी शेवटची इनिंग राखून सामना संपवला, की रिलीव्हरच्या नावावर सेव्ह जमा होतो. ही त्याची सर्वांत ठळक अट. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी मांडलेली ही कल्पना १९६९ साली अधिकृत झाली. १९८८ मध्ये ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला बहुतेक वेळा नवव्या, म्हणजे नियमित सामन्यातल्या शेवटच्या, इनिंगपुरतंच वापरलं आणि हळूहळू सगळ्या संघांनी तीच रीत उचलली. असा सामना संपवणारा रिलीव्हर म्हणजे क्लोजर. काम मोजण्यासाठी काढलेला आकडा अशा रीतीने कामाची वेळ ठरवू लागला.

पाहुण्या संघाचा घोळ होतो तो बरोबरीच्या सामन्यात. यजमान संघ प्रत्येक इनिंगमध्ये नंतर बॅटिंग करतो. नवव्या इनिंगपासून त्याने आघाडी घेतली की सामना तिथेच संपतो, त्यामुळे राखायला आघाडी उरतच नाही आणि त्याचा मॅनेजर क्लोजरला निर्धास्तपणे उतरवतो. पाहुण्यांना मात्र आघाडी घेऊन पुढे ती राखावीही लागते. त्यासाठी क्लोजरला मागे ठेवण्याचा मोह होतो. हा हिशेब चुकीचा आहे. बरोबरीत एक धाव गेली की सगळंच संपतं. दोन धावांची आघाडी असेल तर दुय्यम पिचरही एक धाव देऊन निभावून नेऊ शकतो. सर्वांत चांगल्या हाताची खरी गरज बरोबरीतच असते.

४ ऑक्टोबर २०१६ रोजी टोरंटोत नेमकं हेच घडलं. बाल्टिमोर ओरिओल्स आणि टोरंटो ब्लू जेज यांच्यातला हा वाइल्ड कार्ड सामना हरणाऱ्याचा हंगाम संपवणारा होता. ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन याने त्या मोसमात सेव्हच्या ४७ संधींपैकी ४७ साधल्या होत्या. ६७ इनिंगमध्ये त्याच्यावर फक्त चार अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणाच्या चुकीविना गेलेल्या धावा) होते आणि होमरन अवघा एक. सामना २-२ असा अडकला. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी एकामागून एक रिलीव्हर उतरवले, ब्रिटन मात्र बुलपेनमध्येच राहिला. अकराव्या इनिंगमध्ये एक बॅटर बाद झाल्यावर त्यांनी उबाल्डो हिमेनेझला बोलावलं. टोरंटोच्या डेव्हन ट्रॅव्हिसचा सिंगल, मग जॉश डोनल्डसनचा सिंगल, आणि पुढच्या पहिल्याच चेंडूवर एडविन एन्कार्नासिओनचा तीन धावांचा होमरन. सामना ५-२ असा संपला.

शोवॉल्टर यांची बाजूही समजून घ्यायला हवी. हिमेनेझ मुळात सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे लांबलेल्या सामन्यात तो अनेक इनिंग टाकू शकला असता. मोसमाच्या अखेरीस तो चांगल्या लयीत होता. शिवाय समोरचे तिघेही उजव्या हाताचे बॅटर होते, हिमेनेझ उजव्या हाताचा आणि ब्रिटन डावखुरा. पण पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू आणि एक बाद, या क्षणाला हे मुद्दे पुरे पडत नाहीत. त्या वेळी हवा होता जमिनीवरून सरपटणारा फटका, ज्यावर दोघं बाद होऊन इनिंग संपली असती. ब्रिटनचा सिंकर, म्हणजे खाली बुडणारा चेंडू, त्यासाठीच ओळखला जाई. ब्रिटन उतरला असता तर बाल्टिमोर जिंकलंच असतं, असं नाही. उत्तम पिचर मार खाऊन हरला तर चाहता ते सोसतो. त्याने एकही चेंडू न टाकताच मोसम संपला, ही सल मात्र जात नाही.

याच्या अगदी उलट, दोनच दिवसांनी क्लीव्हलंडचे मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनी बोस्टनविरुद्ध आपला हुकमी रिलीव्हर अँड्र्यू मिलर याला थेट पाचव्या इनिंगमध्ये उतरवलं. मिलर पुढे अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि क्लीव्हलंडने वर्ल्ड सिरीज गाठली. ओरिओल्सचा पुढचा बाद फेरीचा सामना २०२३ साली झाला. तोवर शोवॉल्टर आणि ब्रिटन दोघेही संघ सोडून गेले होते.